वाक्य पुरं होईपर्यंत

"आजीला," कल्पिता टेबलाखालून म्हणाली, आणि मी हसलो. पहिल्यांदा हसलोच. सहा वर्षांची पोर, दहा मिनिटांपासून स्पीच थेरपीच्या खोलीतल्या टेबलाखाली जाऊन बसलेली, बूट काढून फेकलेले, बाहेर यायचं नाव नाही. तिला काय कळतंय आम्ही वर काय बोलतोय ते? प्रश्न समीक्षा मॅडमनी मला विचारला होता. आधीच्या मॅडम बाळंतपणाच्या रजेवर गेल्या, या नव्या आल्या, त्यांनी कागद पहिल्यापासून भरायला घेतला. नात कधीपासून अडखळते, घरात कोण कोण, सगळं झालं आणि मग तो प्रश्न आला, घरात आणखी कुणाला अडखळायची सवय आहे का? मी माझ्या नेहमीच्या आवाजात, म्हणजे बाहेर बाकावर बसलेल्यांनाही ऐकू जाईल अशा, ठणकावून सांगितलं, "कुणालाही नाही. आमच्या सात पिढ्यांत नाही. मी स्वतः बावीस वर्षं कॉलनीच्या गणपतीत माइक सांभाळलाय." तर खालून ही म्हणाली, "आजीला." एकदाही न अडखळता. मॅडमचं पेन थांबलं. त्या वाकून म्हणाल्या, "काय म्हणालीस बाळा?" "आजीला पण आहे. माझ्यासारखं." मी म्हटलं, "अगं, काहीतरीच काय! मॅडम, ते लिहू नका हं." पण त्यांनी लिहिलं. मी उलट्या बाजूने वाचलं, आजी, आणि पुढे प्रश्नचिन्ह, आणि का कोण जाणे, मला माझ्या कानशिलात कुणीतरी चापट मारल्यासारखं गरम वाटायला लागलं.

मॅडम वयाने माझ्या सुनेपेक्षा लहान असतील, पण बोलल्या स्पष्ट. म्हणाल्या, "अण्णा, तिला ओढत आणू नका. फाइलवरून दिसतंय, आज तिसरी वेळ ती टेबलाखाली बसून गेली. बुधवारी ती आपल्या पायांनी आली तर आणा, नाहीतर आपण काही महिने थांबू या." काही महिने! बोलायला काय जातंय. इथे पोरगी पहिलीत आहे, वर्गात वाचायला उभी केली की पुस्तक तोंडावर धरून गप्प राहते, बाईंनी वहीत दोनदा लिहून पाठवलंय, आणि मागच्या बाकावरची पोरं ओरडतात, "बफरिंग, बफरिंग!" हे मला तिने सांगितलेलं नाही, तिच्या मैत्रिणीच्या आईने लिफ्टमध्ये सांगितलं. म्हणून तर मुलगा सूरज आणि सून प्राची दोघं ऑफिसात असताना आठवड्यातून दोनदा ठाण्यातल्या बाळकुमवरून कोलशेतच्या हॉस्पिटलात तिला रिक्षाने घेऊन यायचं काम मी अंगावर घेतलं. चॉकलेट दिलं, मोबाइल दिला, आवाज चढवला, एकदा दंडाला धरून लिफ्टमधून बाहेर काढली, तेव्हा वॉचमन माझ्याकडे पाहत राहिला. मला वाटायचं, खेळायचं सोडून जावं लागतं म्हणून नाटकं करते. लहान मुलांना दुसरं कारण काय असणार?

रिक्षात तिच्या पायात बूट घालत मी विचारलं, "काय गं, खोटं का बोललीस आजीबद्दल?" ती रस्त्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "ख-ख-खोटं नाय. आजीला 'स' येत नाय. स आला की ती दुसरा शब्द घेते. मला सांगितलंय." "कोणी?" "आजीने. ती म्हणते असं करू नको, मी केलं, तू नको करू." रिक्षावाल्याचा गाण्यांचा रेडिओ चालू होता. मी त्याला तो बंद करायला सांगितला. कल्पू मान खाली घालून बुटाच्या पट्ट्याशी खेळत म्हणाली, "मी तिकडे गेली की ब-ब-बरी होणार ना? मग आजी कोणाशी बोलणार?" मी म्हटलं, "माझ्याशी बोलेल की! मी काय मेलोय?" तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं, शाळेच्या बाईंसारखं, आणि म्हणाली, "तू तिला बोलूच देत नाय, अण्णा. तू मध्येच बोलतोस." एवढंच. पुढे बाळकुमच्या नाक्यापर्यंत ती काही बोलली नाही आणि मीही नाही, आणि मी गप्प बसलोय हे माझ्या लक्षात आलं ते रिक्षावाल्याने "काका, आतमध्ये घेऊ का?" असं दोनदा विचारल्यावर.

आता माझी बायको सरोज म्हणजे मुळातली शांत बाई, हे मी चव्वेचाळीस वर्षं सांगत आलोय. नुसतं सांगत नाही, मिरवत आलोय. कल्याणजवळ मोहन्याला रेयॉनच्या कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये आम्ही राहायचो तेव्हा शेजारच्या घरांतून भांड्यांचे आवाज यायचे, आणि मी चाळीस माणसांत छाती पुढे काढून म्हणायचो, आमच्या घरात वादाला जागा नाही, हिचा स्वभावच मितभाषी. माझी आई कोकणातून यायची, ती तर हिच्यावर जाम खूश. सून कशी, तर उलटून शब्द नाही. बँकेत गेलो, काउंटरवरच्या माणसाने विचारलं की मीच सांगायचो, "हिचं नाव सरोज." डॉक्टरकडे, "हिला कालपासून पाठ दुखतेय." भाजीवाल्याकडे ती बोट दाखवायची आणि मला त्यातही एक सौजन्य दिसायचं. हसू नका. माणूस आपल्या बायकोत जे बघायचं ठरवतो तेच त्याला दिसतं. जिन्याने वर जाताना (लिफ्टमध्ये उभं राहायची हिंमत झाली नाही, आरशात तोंड दिसतं तिथे) मी एकेक आठवायला लागलो. साखर संपली की ही डबा माझ्यासमोर उघडून धरायची. सकाळी उठवताना म्हणायची, "उजाडलं." सोमवारला "रविवारच्या दुसऱ्या दिवशी". आणि सूरज! स्वतःच्या पोटचा मुलगा, एकोणचाळीस वर्षांचा बाप्या, त्याला हिने जन्मात कधी नावाने हाक मारली नाही. बाळा, बाबू, राजा. मी त्याला माया समजायचो. सूरज हे नाव ठेवलं कुणी? मी. हॉस्पिटलमधून घरी येतानाच ठरवून टाकलेलं, हिला विचारायचं डोक्यातही आलं नाही. अरे देवा, तिसऱ्या मजल्यावर आलो तरी यादी संपेना.

आणि मग ते ताट आठवलं. मे महिन्यात लग्न, एक्क्याऐंशी साली, मांडवात उकडत होतं. ताटात तांदूळ पसरले, माझ्या हातात अंगठी दिली, लिही म्हणाले नवरीचं नाव. ती माहेरची कलावती. मला ते जुनाट वाटलं. माझं अक्षर वळणदार, मंडळाचे फलक मीच रंगवायचो, म्हणून मी ऐटीत 'सरोज' लिहिलं, र ला छान वळण दिलं. बायका हिला म्हणाल्या, "वाच गं मोठ्याने, काय नाव ठेवलंय?" तिने ताटाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. तिचे ओठ हलत होते, मला आठवतंय, घाम तिच्या वरच्या ओठावर आलेला मला आठवतंय, हे मला चव्वेचाळीस वर्षं आठवत होतं आणि मी त्याला लाजणं म्हणत होतो. मी खणखणीत आवाजात ओरडलो, "सरोज!" सगळा मांडव हसला. नंतर उखाणा घ्यायची वेळ आली तेव्हा ती रडली, आणि माझ्या आत्याने "पोर लाजरी आहे" म्हणून तिच्या वतीने घेऊन टाकला. जिच्याने म्हणवत नाही असं नाव मी तिच्या गळ्यात बांधलं होतं, आणि बांधून वर लाडू खाल्ले. कप्पाळ माझं! त्या दिवसापासून तिने स्वतःचं नाव एकदा तरी उच्चारलंय का? मी मोजायला गेलो आणि मला एकही वेळ सापडली नाही.

कल्पू लिफ्टने पुढे पळाली होती, दार उघडंच होतं. मी चपला हातात घेऊन चोरासारखा आत आलो आणि पॅसेजमध्ये, फ्रिजच्या आडोशाला उभा राहिलो. स्वयंपाकघरात सरोज वाल सोलत होती, कल्पू ओट्याला टेकून बसलेली. आणि सरोज बोलत होती. "मग तो स-स-स-ससा म्हणाला, मला नाही जायचं. त्याचे क-क-कान असे, असे मागे गेले." हिचा आवाज. हा आवाज मी ऐकलेला नव्हता. आत थोडा खरखरीत, खाली खोल जाणारा, मध्ये मध्ये थांबणारा आणि थांबल्याची अजिबात फिकीर नसलेला. ती एका शब्दावर अडली तेव्हा कल्पू वाल सोलत बसून राहिली, काही बोलली नाही, वर पाहिलं नाही, आणि शब्द आला तेव्हा दोघी पुढे गेल्या. ससा आळशी होता, वाघाला त्याने काकडी विकली, काकडी कडू निघाली, वाघ बायकोचा ओरडा खातो, असली भलतीच गोष्ट. सरोजला गोष्ट रचता येते! विनोद करता येतो! ती हसली, तोंड उघडून, आणि मला माझ्याच घरात पाहुणा म्हणून आल्यासारखं वाटलं, ज्याला कुणी बस म्हणालेलं नाही. मग माझ्या हातातली एक चप्पल पडली. आतलं बोलणं तिथल्या तिथे बंद झालं. सरोजने बाहेर डोकावून पाहिलं, नेहमीच्या चेहऱ्याने, आणि नेहमीच्या बारीक, जपून टाकलेल्या आवाजात म्हणाली, "आलात?"

संध्याकाळी सूरज आला तेव्हा त्याला मी गॅलरीत घेतलं. म्हटलं, "तुझी आई बोलताना अडखळते हे तुला माहीत होतं?" तो टायची गाठ सोडत होता, तसाच थांबला. "अण्णा, तुम्हाला माहीत नव्हतं?" म्हणाला. त्याने ते चिडून नाही विचारलं. त्याला खरंच आश्चर्य वाटलं, आणि त्याचंच जास्त लागलं. म्हणाला, "शाळेत पालकसभेला तुम्हीच का जायचात, तिनेच मला सांगितलेलं, अण्णांना घेऊन जा. मला वाटलं तुम्ही दोघांनी ते ठरवलेलंय. तुम्ही तिचं वाक्य पुरं करायचात, मला वाटायचं तुम्ही तिला सांभाळून घेता." प्राची दाराशी येऊन उभी होती, ती हळू आवाजात म्हणाली, "मला लग्नानंतर आठ दिवसांत कळलं, अण्णा." आठ दिवस! मी म्हटलं, "मग हॉस्पिटलच्या त्या कागदावर तुम्ही कोणी लिहिलं का नाही?" तर सूरज म्हणाला, "कागद तुम्हीच भरलात. आम्हाला दाखवलात कुठे?" खरं होतं. पहिल्या दिवशीही मीच भरला होता, सगळ्या ओळी, माझ्या वळणदार अक्षरात. मी तिथे खुर्चीवर बसलो आणि मला आठवलं, ही जागा घ्यायला आलो तेव्हा रिकाम्या हॉलमध्ये उभी राहून सरोज म्हणाली होती, "इथे मला स्—" आणि मी लगेच म्हणालो, "स्वयंपाकघर लहान आहे, दिसतंय मला, पण घे चालवून." तिने मान डोलावली होती. तिला स्वयंपाकघराबद्दल बोलायचं नसेलच कदाचित. अकरा वर्षं झाली त्याला. अशी किती वाक्यं मी घाईघाईने, मदत म्हणून, प्रेमाने म्हणा हवं तर, भलतीकडेच नेऊन सोडली असतील, आणि ती तिथे जाऊन मुकाट्याने राहिली असेल? राग यायला हवा होता तिचा, की मला सांगितलं का नाहीस. तो आलाही, क्षणभर. मग वाटलं, सांगणार कसं? सांगायला तोंड उघडलं की मी पुढचं बोललेलो.

मंगळवारी दुपारी कल्पू शाळेत असताना मी सरोजसमोर बसलो. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. मी मनाशी पक्कं ठरवलं होतं, एक प्रश्न विचारायचा आणि गप्प बसायचं. आणि काय केलं मी? अर्धा तास बोललो. माझं चुकलं म्हणालो, मला कळलं कसं नाही म्हणालो, तू कसं सहन केलंस, तुला काय वाटलं असेल, असं वाटलं असेल, नाही, तसं वाटलं असेल, सगळं मीच. तिची माफीसुद्धा मीच मागितली आणि मीच देऊन मोकळा झालो. तिने माझ्या सदऱ्याची घडी घातली, पुन्हा मोडली, पुन्हा घातली. तिच्या चेहऱ्यावर इतकी भीती होती की मला वाटलं मी तिला मारायला उठलोय की काय. झाकून ठेवलेली गोष्ट कुणी ओढून उघडी करावी आणि वर भाषण करावं! "चहा ठेवू?" ती म्हणाली. मी म्हटलं ठेव. आणि ती उठता उठता मला आठवलं की मुख्य गोष्ट राहिलीच, ज्याच्यासाठी हे सगळं होतं. मी म्हटलं, "कल्पू तिकडे का जात नाही, माहितीये? म्हणते, मी बरी झाले तर आजी कोणाशी बोलणार."

सरोज खाली बसली. चटकन. घडी घातलेले कपडे तिच्याच मांडीखाली गेले. तिचं तोंड उघडं राहिलं आणि बराच वेळ त्यातून काही आलं नाही, आणि मी, मी पहिल्यांदाच, स्वतःच्या मनगटाला चिमटा काढत बसलो. "माझ्या... माझ्यामुळे?" ती म्हणाली. मग दोन्ही हातांनी डोकं धरलं. माझ्या बडबडीने तिला काही झालं नव्हतं, त्याची तिला सवय होती. हे तिला आरपार गेलं. आपल्याला एक माणूस मिळालं, ज्याच्यासमोर मनमोकळं अडखळता येतं, आणि त्याच माणसाला आपण जिथे अडकलो तिथेच धरून ठेवतोय, ती पोर आपल्यासाठी बफरिंग बफरिंग ऐकून घेतेय. हे सगळं ती म्हणाली नाही. हेही मीच म्हणतोय, बघा, सवय जात नाही. तिने फक्त डोळे पुसले, उठली, आणि चहा न ठेवताच आतल्या खोलीत जाऊन कपाट उघडलं.

कल्पू शाळेतून आली तेव्हा सरोज तिच्यासमोर जमिनीवर बसली. मी हॉलमध्ये पेपर उघडून बसलो होतो, एक अक्षर वाचत नव्हतो. सरोज म्हणाली, "उद्या मी पण येते. मला पण त-त-तिकडे शिकायचंय." कल्पू म्हणाली, "तुला घेतील?" "वि-विचारू." "तू म्हातारी आहेस." "मग काय झालं?" कल्पूने दप्तर खाली ठेवलं. "आणि बरी झालीस तर? म-म-मग पण माझ्याशी बोलशील?" सरोजने तिला ओढून कुशीत घेतलं आणि तिच्या कानात काहीतरी म्हणाली. काय म्हणाली ते मला आलं नाही ऐकू. मला इतकं ऐकायचं होतं, तरी मी "काय गं?" असं विचारलं नाही. पेपर मात्र माझ्या हातात फाटला.

बुधवारी चार वाजता कल्पूने बूट स्वतः घातले. उलटे घातले, पण स्वतः घातले. रिक्षात ती मध्ये बसली, एक हात सरोजच्या हातात, आणि कोलशेतच्या रस्त्यावर ट्रक आडवे आले तेव्हा ती "च-च-चला ना लवकर" म्हणाली. ही पोरगी, जिला मी दंडाला धरून ओढत न्यायचो! माझा विश्वास बसेना. सरोजने निळी इरकल नेसली होती, ठेवणीतली, जी ती फक्त कार्याला काढते, आणि तिचे तळहात ओले होते. मला ते तिने रुमालाला तीनदा हात पुसले त्यावरून कळलं. बाकावर आणखी तीन-चार पालक बसलेले. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "आजी, नाव सांगा, आत कोण जाणार त्यांचं." माझं तोंड उघडलं. मी ते मिटलं. दात ओठात रुतले. सरोजने मुलीकडे पाहिलं, मग पेन मागून घेतलं आणि स्वतःच्या हाताने रजिस्टरमध्ये लिहिलं. काय लिहिलं ते मी वाकून पाहिलं नाही. मला ते जमलं याचं मलाच नवल वाटलं.

समीक्षा मॅडमनी दार उघडलं. कल्पू आधी आत गेली, आपल्या पायांनी, आणि टेबलाखाली न जाता लहान खुर्चीवर जाऊन बसली. मॅडम सरोजला म्हणाल्या, "या आजी." मीही उठलो. मला वाटलं होतं, आपण तिघं बसू, आजोबांनीही काय करायला हवं ते मॅडम सांगतील, मी वही आणली होती. दारात सरोज वळली. माझ्याकडे पाहून तिने तोंड उघडलं, "तुम्ही स्... स्..." आणि अडली. सगळ्यांसमोर अडली, बाकावरची माणसं बघत असताना. तिने शब्द बदलला नाही. दुसरा घेतला नाही. मान ताठ झाली, गळ्याची शीर वर आली, पापण्या मिटल्या, आणि तो स तिच्या दातांमागे घासत राहिला. मला माहीत होतं तिला काय म्हणायचंय. सोबत. तुम्ही सोबत या. तिला एकटीला भीती वाटतेय, चव्वेचाळीस वर्षं मीच तिच्याबरोबर असतो सगळीकडे. शब्द माझ्या जिभेच्या टोकावर येऊन उभा होता, नुसता ढकलायचा होता, तिची सुटका झाली असती. बाकावरची एक बाई खाली बघायला लागली. "स्... स्..." आतून कल्पूचा आवाज आला, "अण्णा, थ-थ-थांब हां." मी थांबलो. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. मला वाटलं ती पडेल, किंवा मी पडेन. आणि मग शब्द सुटला.

"सगळं तुम्हीच बोलता," सरोज म्हणाली. त्या स्वयंपाकघरातल्या, खरखरीत आवाजात. "तुम्ही बाहेर बसा."

तिने दार लावून घेतलं. मी वही मांडीवर ठेवून बाकावर बसलो.